खालचा उजवा कोपरा

फुलचूरचे खुशालराव टेंभुर्णे ही हकीगत सांगायला बसले की पहिल्याच वाक्यात स्वतःचा उल्लेख ‘मुख्य आरोपी’ असा करतात आणि मग साक्षीपुरावे इतक्या शिस्तीने मांडत जातात, की ऐकणाऱ्याला शिक्षा सुनावण्याखेरीज काही काम उरू नये.

आरोपीचा पूर्वेतिहास असा. एका सरकारी कार्यालयात चौतीस वर्षे आवक-जावक लिपिक. आलेल्या कागदावर शिक्का मारायचा, क्रमांक घालायचा, नोंदवहीत उतरवायचा आणि पुढे पाठवायचा, एवढेच काम. परंतु ज्या कागदावर दिनांक नाही तो कागद खुशालरावांच्या मते कागदच नव्हता. तो परत जाई. एकदा खुद्द साहेबांचा रजेचा अर्ज त्यांनी ‘दिनांक नमूद नाही’ असा शेरा मारून परत पाठवला होता. साहेबांना तेव्हा रजेवर जाऊन दोन दिवस झाले होते. निवृत्तीच्या समारंभात त्याच साहेबांनी त्यांना एक भिंतीवरचे कॅलेंडर भेट दिले. त्यातला टोमणा त्यांच्या लक्षात यायला पुढे वर्ष लागले.

निवृत्तीनंतर मुलगा पुण्याला नोकरीसाठी निघाला आणि जाताना आपला संगणक वडिलांसाठी ठेवून गेला. खुशालरावांनी त्याची स्थापना पुढच्या खोलीत केली, त्यावर पत्नी सुशिलाबाईंकडून अभ्रे शिवून घेतले आणि शेजारी एक जाड वही ठेवली. वहीवर लिहिले : ‘संगणक : आवक-जावक नोंदवही’. घरात येणारा प्रत्येक पेनड्राइव्ह तीत नोंदवला जाई. मालकाचे नाव, प्रयोजन, आत जाण्याची वेळ, बाहेर येण्याची वेळ. मग अँटिव्हायरसकडून तपासणी, मग सही. इंटरनेट त्यांनी घेतलेच नाही. ज्या दारातून कोण आले याची नोंद ठेवता येत नाही असे दार घराला असू नये, हे त्यांचे मत. त्यामुळे अँटिव्हायरसचे अपडेट ते दर महिन्याच्या पहिल्या रविवारी गोंदियातल्या देवेंद्रच्या सायबर कॅफेतून पेनड्राइव्हवर उतरवून आणत आणि घरी हाताने चढवत. रोज काम संपले की संगणक बंद करून भिंतीवरचे मुख्य बटनही बंद करत. वीज वाया जाऊ नये आणि यंत्रालाही पूर्ण विश्रांती मिळावी, असा दुहेरी विचार त्यामागे होता.

एवढी व्यवस्था होती ती एका कामासाठी. खुशालरावांची थोरली बहीण सुमनबाई अर्जुनी मोरगावजवळच्या एका खेड्यात राहत. वय अठ्ठ्याहत्तर, अक्षरओळख शून्य. धानाच्या रोवणीत, म्हणजे लावणीत, गायची एकशे बारा गाणी त्यांना पाठ होती. त्यांच्यासोबत आयुष्यभर ओळ झेलणारी मंगली वारली, तेव्हा सुमनबाई भावाला म्हणाल्या होत्या, “खुशाल, तिच्यावाली गाणी तिच्यासंगं गेली. माह्यावाली कोणापाशी राहातीन? तू शिकला आहेस ना रे? मंग लिहून ठेव.”

खुशालरावांनी दोन वर्षे खेपा घातल्या. पेन्सिलीने सात वह्या भरल्या, आणि मग एका बोटाने एकेक गाणे संगणकात चढवले. प्रत्येक गाण्याखाली उजवीकडे ‘अंतिम तपासणी दिनांक’ अशी ओळ. त्यापुढची तारीख मात्र ते स्वतः टंकत नसत. एक बटन दाबले की ती यंत्रच घाली. या एका गुणामुळे यंत्राविषयी त्यांना जे ममत्व वाटे, ते कार्यालयातल्या कोणत्याही सहकाऱ्याविषयी कधी वाटले नव्हते. एकशे बाराव्या गाण्याची तपासणी झाल्यावर त्यांनी सातही वह्या रद्दीत दिल्या. मूळ अभिलेखाचे प्रयोजन संपले की तो नष्ट करावा, असा नियमच आहे. नोंदवहीत तशी नोंदही केली.

पुस्तक बुद्धपौर्णिमेला गावच्या विहारात निघायचे होते. दोन हजार दहा सालच्या एप्रिलच्या एकोणीस तारखेला, सोमवारी, खुशालराव पेनड्राइव्ह घेऊन गोंदियाला रामलालच्या छापखान्यात गेले. रामलालने तो संगणकाला लावला मात्र, आणि त्याचा अँटिव्हायरस रेल्वेच्या फाटकासारखा वाजू लागला. पडद्यावर लाल ओळींची रांग लागली. दुकानात चार गिऱ्हाइके होती. चौघेही जवळ आले.

“टेंभुर्णे साहेब,” रामलाल म्हणाला, “ये गाने हैं के बीमारी?”

“तुमच्या यंत्रात काही दोष असेल,” खुशालराव ताठपणे म्हणाले. “माझ्याकडे प्रत्येक पेनड्राइव्हची नोंद होते.”

“नोंद होते ना? मग बघा, छत्तीस व्हायरस आहेत. इनके नाम भी लिख लो.”

चौघे हसले. नवरदेवाकडची पत्रिका छापून घ्यायला आलेल्या एकाने तर, रोग लागू नये म्हणून, आपली खुर्ची मागे सरकवली. रामलालने पेनड्राइव्ह पार पुसून कोरा करून परत दिला आणि बजावले, “शुक्रवार शामपर्यंत साफ माल आणा. शनिवारपासून लग्नाच्या पत्रिका सुरू. मग जूनपर्यंत मी माझ्या बापाचंबी काही छापत नाही.”

म्हणजे आता एकशे बारा गाणी जगात दोनच ठिकाणी उरली होती : सुमनबाईंच्या कंठात आणि खुशालरावांच्या रोगट संगणकात.

वाटेत त्यांनी गुन्हेगारांची यादी केली. पहिला संशय मेहुणे उदाराम यांच्यावर. जानेवारीत उदारामांनी नातवाच्या वाढदिवसाचे फोटो दाखवण्यासाठी आपला पेनड्राइव्ह न विचारता, न नोंदवता थेट खुपसला होता. त्याच दिवशी खुशालरावांनी चार बोटे रुंदीची चिठ्ठी मोजपट्टीने आखून, संगणकाच्या पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यावर, काचेवरच, चिकटवली होती : ‘नोंद केल्याशिवाय काहीही आत घालू नये. आदेशावरून.’ घरात आदेश देणारे तेच आणि पाळणारेही तेच. तरी ‘आदेशावरून’ लिहिल्याशिवाय त्यांना वाक्य पूर्ण वाटले नव्हते.

मंगळवारी ते देवेंद्रकडे गेले. एप्रिलच्या पहिल्या रविवारचे अपडेट चुकले होते, कारण त्या दिवशी ते सुमनबाईंकडे शेवटची गाणी पडताळत होते. चार वर्षांतला तो एकमेव खंड. देवेंद्रने अपडेट उतरवायला लावले. सव्वा तास लागला. तेवढा वेळ खुशालराव खुर्चीवर सरळ बसून होते.

घरी येऊन त्यांनी संगणक सुरू केला. गेल्या पाच आठवड्यांपासून तो सुरू होताना एक काळा पडदा येई, त्यावर इंग्रजीत चार पांढऱ्या ओळी आणि शेवटी ‘एफ-१ दाबा’ अशी सूचना. पहिल्या दिवशी खुशालरावांनी ओळी वाचल्या. बोध झाला नाही. एफ-१ दाबले. यंत्र मुकाट्याने पुढे गेले. त्यांनी ती हजेरीपटावरची सही मानली आणि रोज नोंदवहीत लिहू लागले : ‘सकाळी ९.०५. एफ-१ दाबले.’ अशा पस्तीस नोंदी आहेत. ते आजही त्या दाखवतात. म्हणतात, “घराला आग लागली असे कोणी पस्तीस दिवस ओरडत होते, आणि आम्ही रोज त्याची पोच देत होतो.”

अपडेटच्या फाइलवर त्यांनी दोनदा टिचकी मारली. यंत्राने कळवले, की आपला परवाना ग्राह्य नाही.

परवाना ग्राह्य नाही! परवान्याची पावती फायलीत होती, मुदत सप्टेंबरपर्यंत होती. खुशालरावांनी पावती पडद्यासमोर धरली. क्षणभरच, मग स्वयंपाकघराच्या दारात सुशिलाबाई उभ्या दिसल्या, तेव्हा त्यांनी ती चष्म्याजवळ नेल्यासारखे केले.

“त्याला दाखवून राहिले का?” सुशिलाबाईंनी विचारले.

“वाचत होतो.”

“पाठ आहे ना तुम्हाले ती?”

बुधवारी त्यांनी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. पलीकडून एक मुलगी अत्यंत नम्र हिंदीत बोलू लागली. परवान्याचा क्रमांक विचारला. तो त्यांनी गटागटाने सांगितला. मग तिने विचारले, “सर, कम्प्यूटर में आज की डेट क्या दिखा रहा है?”

खुशालराव खुर्चीत सावरून बसले. या प्रश्नासाठीच जणू त्यांचा जन्म होता. समोर भिंतीवर कॅलेंडर होते, पण त्याचीही गरज नव्हती.

“आज बुधवार है. दिनांक इक्कीस अप्रैल, दो हजार दस.”

“सर, आप कम्प्यूटर में देखकर बता रहे हैं ना?”

“बेटी,” खुशालराव म्हणाले, आणि त्या आवाजात चौतीस वर्षांची सेवा होती, “मैंने जिंदगीभर तारीख ही देखी है.”

मुलगी म्हणाली, तारीख बरोबर असेल तर दोष दुसरीकडे असणार. सगळे काढून टाका आणि सीडीवरून पुन्हा चढवा. खुशालरावांनी ते बुधवारी दोनदा केले आणि गुरुवारी सकाळी एकदा. तिन्ही वेळा परवाना ग्राह्य नव्हता.

गुरुवारी दुपारी बल्लारशाहकडून येणाऱ्या गाडीने सुमनबाई आल्या. पुस्तक कुठवर आले ते बघायला. हातात पिशवी, पिशवीत भावासाठी गावचे तांदूळ. “जय भीम” म्हणून दाराशीच टेकल्या, आणि सुशिलाबाईंनी पाणी देता देता नणंदेला सगळे सांगून टाकले.

“काऊन रे खुशाल,” सुमनबाई आत येऊन म्हणाल्या, “तीन दिसापासून याच्या तोंडाकडं पाहून राहिला म्हणते. कायले? बोलते का तो?”

“बाई, याच्यात तुझी गाणी आहेत. आणि याला रोग झाला आहे. औषध आणले, पण ते घेत नाही.”

“तोंड उघडत नसन.”

“उघडते. पण औषध माझ्या नावाचे नाही म्हणते.”

सुमनबाईंनी स्टूल ओढले आणि पडद्यासमोर बसल्या. त्या यंत्रात आपला आवाज नाही, नुसती अक्षरे आहेत, हे त्यांना ठाऊक होते. तरी त्या जरा वाकून, कोणी आजारी माणूस बघावा तशा बघत होत्या. मग त्यांचे लक्ष चिठ्ठीकडे गेले.

“हे का चिकटवलंस? काचेले कागद चिकटवते का कोणी? लेकराच्या डोळ्यावर पट्टी बांधल्यासारखं दिसून राहिलं.”

“बाई, हात लावू नको. तो आदेश आहे.”

“कोणाचा?”

सुमनबाईंनी आयुष्यभर पऱ्हे, म्हणजे धानाची रोपे, उपटलेल्या अंगठ्याचे नख चिठ्ठीखाली घातले आणि ती एका ओढीत काढली. पदराने काच पुसली.

खाली उजव्या कोपऱ्यात दोन गोष्टी होत्या. एक, अँटिव्हायरसचे लाल चिन्ह. त्यावर फुली होती आणि ती कधीपासून होती देव जाणे. दुसरी, घड्याळ. दुपारचे तीन वाजायला आले होते. यंत्राच्या घड्याळात रात्रीचे बारा वाजून चाळीस मिनिटे झाली होती.

खुशालरावांनी बाण त्या घड्याळावर नेला. पिवळ्या पट्टीत तारीख उमटली : मंगळवार, १ जानेवारी २००२.

“का झालं रे?” सुमनबाई म्हणाल्या. “असा काऊन बसला?”

खुशालराव हिशेब जुळवत होते. दुपारी संगणक पुन्हा दोन वाजून वीस मिनिटांनी सुरू केला होता. म्हणजे तो सुरू होताक्षणी मध्यरात्र होती. त्यांनी धावत जाऊन देवेंद्रला फोन लावला. “काकाजी, आतला सेल गेला आहे,” देवेंद्र म्हणाला. “बटनासारखा छोटा सेल असतो, बंद असताना तारीख तोच सांभाळतो. तुम्ही रोज भिंतीवरून लाइट बंद करता का?”

“अर्थातच.”

“म्हणून लवकर संपला. एफ-१ दाबा म्हणून येत असेल ना सकाळी?”

खुशालरावांनी नोंदवही मिटली.

म्हणजे पाच आठवडे त्यांचा संगणक रोज सकाळी नऊ वाजून पाच मिनिटांनी दोन हजार दोनच्या नववर्षात जागा होत होता. २००२ साली २००९चा परवाना ग्राह्य कसा असेल? कोणताही प्रामाणिक लिपिक हेच म्हणाला असता. यंत्राने तारीख बघून त्यांचा कागद परत पाठवला होता, एकदा नव्हे, चार वेळा. आणि एका गरीब मुलीने नेमके हेच विचारले होते, तेव्हा आरोपीने पडद्याकडे न बघता आपल्या अनुभवाकडे बघून साक्ष दिली होती.

त्यांनी तारीख बदलली. २२ एप्रिल २०१०. अपडेट एका दमात चढले. तपासणी सुरू झाली, आणि लाल ओळी येऊ लागल्या. कोणत्या पेनड्राइव्हमधून हे आले, ते शोधायला त्यांनी नोंदवही उघडली. सगळे पाहुणे तपासून आत घेतलेले. उदारामांनंतर विनानोंद कोणी नाही. अपवाद एकच : ‘क्र. १, मालक : स्वतः’. घरच्या पेनड्राइव्हला तपासणीतून सूट होती. तोच तेवढा सायबर कॅफेत जाऊन आला होता, मार्चअखेरीस, नमुन्याची पाने काढायला.

एवढ्यात तपासणी थांबली. पडद्यावर चौकट आली. ‘सुमनबाईंची गाणी’ हे नाव, त्यापुढे लाल खूण, आणि प्रश्न : पुसून टाकायचे का?

खुशालरावांचा हात माउसवरून खाली आला.

“आता का म्हणते तो?” सुमनबाईंनी विचारले.

“बाई, तो म्हणतो, रोग तुझ्या गाण्यांच्या पेटीलाच आहे. पेटी पुसू का, विचारतो.”

“मंग?”

“पुसली आणि गाणीही गेली तर? वह्या मी रद्दीत दिल्या. रामलालने पेनड्राइव्ह कोरा केला. दुसरीकडे कुठे काही नाही.”

“वह्या रद्दीत दिल्यास?” सुमनबाई प्रथमच चिडल्या. “सात वह्या? शिकला म्हणून तुले काम सांगतलं, अन् तू...” मग त्या थांबल्या. भावाचे कान लाल झालेले त्यांनी पाहिले असावेत. पंचावन्न वर्षांपूर्वीही ते असेच लाल होत. “दुसरीकडं नाही काऊन म्हणते? मी बसली आहो ना इथं? रोगी माल छापशील का लोकांसाठी? पुस. गेली तर पुन्हा गाईन. तू पुन्हा लिहिजो. यावेळेस वही माह्याजवळ राहीन.”

खुशालरावांनी पुसले.

‘सुमनबाईंची गाणी’ नाहीशी झाली. मागे रिकामा पांढरा पडदा राहिला. तिघेही त्याच्याकडे बघत होते. मग सुमनबाईंनी मांडीवर हात ठेवला आणि कोणी सांगण्याची वाट न बघता, हलक्या आवाजात पहिले गाणे धरले, “पऱ्हे उपटता उपटता बाई, दिवस कंबरेला आला...” सुशिलाबाई शेजारच्या खोलीतून कोरी वही घेऊन आल्या. खुशालरावांनी वही उघडली, आणि हे विशेष, त्यांनी वर तारीख घातली नाही.

दुसऱ्या ओळीला फोन वाजला. देवेंद्रने आठवणीने केला होता. “काकाजी, सांगायचं राहिलं. तो व्हायरस खरी फोल्डर लपवून ठेवतो आणि त्याच नावाचं खोटं उभं करतो. खोटं पुसलं की घाबरू नका. लपलेलं दाखव म्हणून सेटिंग असते, ती सांगतो.”

पाच मिनिटांनी, फिकट रंगात, पेटी परत आली. आत एकशे बारा गाणी होती.

“निघाली ना?” सुमनबाई म्हणाल्या. “मंग गाऊ नोको आता?”

“गा,” खुशालराव म्हणाले. वही त्यांनी मिटली नाही.

शुक्रवारी दुपारी रामलालने पेनड्राइव्ह लावला. यंत्र शांत राहिले. रामलालने दोनदा तपासले, जणू त्याला थोडी निराशाच झाली. खुशालरावांनी छपाईपूर्वी प्रूफ मागितले. “प्रूफ-ब्रूफ काही नाही साहेब,” तो म्हणाला, “उद्यापासून माझी मशीन लग्नाघरी आहे.”

बुद्धपौर्णिमेला विहारात दोनशे प्रती आल्या. वंदना झाली, भाषणे झाली, सुमनबाईंनी तीन गाणी म्हटली. त्यानंतर गावचे निवृत्त गुरुजी केशोराव पुस्तक चाळत खुशालरावांजवळ आले.

“टेंभुर्णे, अप्रतिम. पण एक विचारू? शेवटची एकोणीस गाणी तुम्ही एकाच दिवशी तपासलीत? आणि तेही एक जानेवारी दोन हजार दोनला? तेव्हा तर तुम्ही नोकरीत होतात.”

खुशालरावांनी पुस्तक हातात घेतले. एकशे बाराव्या गाण्याखाली, उजवीकडे, बारीक अक्षरांत ती ओळ होती. टंकताना प्रत्येक वेळी ती पडद्याच्या तळाशी येई, नेमकी आदेशाच्या चिठ्ठीखाली. संगणकाची तारीख त्यांनी सुधारली होती. गाण्यांखालची कोणी सुधारायची, हे त्या घाईत सुचलेच नव्हते.

त्यांनी खिशातून पेन काढले. नियम ठाऊक होता : चुकीच्या तारखेवर एक रेघ, वर खरी तारीख, बाजूला आद्याक्षरे. एका प्रतीत एकोणीस. विहाराच्या पायरीवर बसून त्यांनी पहिली प्रत पुरी केली. दुसरी उचलली.

सुमनबाई समोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांच्या दोन्ही हातांवर पुस्तकांची चळत होती आणि मागे बायकांची रांग.

“का करून राहिलास?”

“बाई, तारीख चुकली. आठ वर्षे मागची पडली आहे.”

“आठच ना?” सुमनबाई म्हणाल्या. “ही गाणी माह्या आजीपासूनची आहेत. आठ वर्षांनं त्याहिले का होते? बाजूले सर, वाट सोड. बाया उभ्या आहेत.”

खुशालराव बाजूला सरले. एकशे अठ्ठ्याण्णव प्रती चुकीच्या तारखेनिशी, कोणतीही नोंद न होता, त्यांच्या डोळ्यांदेखत बाहेर गेल्या.

दुरुस्त केलेली एक प्रत फुलचूरला संगणकाशेजारी असते, तिच्याखाली तारीख नसलेली वही. दुसरी, जिच्यात आद्याक्षरे फक्त पहिल्या तीन ठिकाणी आहेत, ती सुमनबाईंनी स्वतःसाठी ठेवून घेतली. वाचता येत नसले तरी, भावाचे अक्षर कुठे आहे हे त्यांना बरोबर ठाऊक असते.